भामुर्डीची नवी जात

साठी उलटलेली एखादी बाई रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून, नाक गवतात खुपसून बसलेली दिसली की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. एक तर तिला चक्कर आली असावी, नाहीतर तिचं काहीतरी सोन्याचं पडलं असावं. माझं सगळं कामकाजाचं आयुष्य याच आसनात गेलं, त्यामुळे मला दोन्ही शंकांचा भरपूर अनुभव आहे. किहीमच्या रस्त्यावर एकदा एक मोटारसायकलवाला थांबला आणि "काय पडलं, बाई?" म्हणाला. मी एका फुलाच्या पाठीवरचे केस बघत होते. हे भर रस्त्यात परक्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून मी नुसती हसले. माझ्या हसण्याचा त्याने भलताच अर्थ घेतला. मागून येणारी रिक्षा त्याने हात करून थांबवली, तिच्यातल्या बायका उतरल्या, आणि बघता बघता सगळे ओणवे होऊन माझं कानातलं शोधायला लागले. कमाल म्हणजे त्यांतल्या एकीला खरंच एक कानातलं सापडलं. ते माझं नव्हतं, पण ते घेतल्याशिवाय मला कुणी तिथून हलू देईना. ते एकुलतं एक कानातलं अजून माझ्या कपाटात आहे.

मी अलिबागजवळच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मुलं समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'गवतबाई'. यातलं दुसरं नाव जास्त अचूक होतं. माझा अभ्यासाचा विषय म्हणजे सूर्यफुलाचं कुळ. झेंडू, शेवंती, रानातली सोनकी, शाळेत असताना खरचटलं की ज्याचा पाला आपण जखमेवर चोळायचो ती एकदांडी, हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. या कुळाची गंमत अशी की तुम्ही ज्याला फूल म्हणता ते एक फूल नसतंच, ती फुलांची पंगत असते. कडेची जी पाकळी दिसते ते एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या पिवळ्या चकतीत आणखी कितीतरी बारीक फुलं मांडीला मांडी लावून बसलेली. देवाला झेंडूचं एक फूल वाहिलं असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर शंभरावर फुलं वाहून झालेली असतात. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

आता या भाऊबंदांना एकमेकांपासून ओळखायचं कसं? वरून बघून काही कळत नाही, सगळ्यांचे चेहरे सारखेच पिवळे. म्हणून फूल उलटं करायचं. खाली हिरव्या खवल्यांची वाटी असते. ती खवली किती ओळींत आहेत, टोकं कशी आहेत, केसाळ आहेत की गुळगुळीत, हे बघायचं. मग फूल फाडून आतलं बी काढायचं आणि त्याच्या डोक्यावरची म्हातारी, म्हणजे वाऱ्यावर उडणारा केसांचा झुबका, पांढरी आहे की मळकट, ते तपासायचं. थोडक्यात, माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बनियनच्या शिवणीवरून त्याला ओळखण्याचा हा उद्योग आहे. तो करण्याबद्दल सरकारने मला महिन्याच्या महिन्याला पगार दिला, हे आठवलं की अजून ओशाळायला होतं.

निवृत्तीनंतर पगार थांबला, पण उद्योग थांबला नाही. उलट सगळ्यांच्या हातात फोन आल्यापासून तो वाढलाच. मांडव्याला बोटीतून उतरून शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारी मंडळी सकाळी फिरायला निघतात आणि मला फुलांचे फोटो पाठवतात. 'बाई, हे दुर्मिळ आहे का?' ते नेहमी एकदांडीच असतं. फोटो वरून काढलेला असतो, मला हवी असते पाठ. मी कळवते, 'फूल उलटं करून फोटो पाठवा.' मग ते फोटोच उलटा करून पाठवतात.

गणपतीच्या दिवसांत माझा भाव आणखी वधारतो. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे गणपती बसत नाही, पण आळीतल्या बाकी सगळ्या गणपतींची पत्री माझ्या नजरेखालून जाते. त्या पत्रीत माका लागतो. खरा माका म्हणजे ओलीत वाढणारा, बटणाएवढ्या पांढऱ्या फुलांचा. एका वर्षी बाजारात बघितलं तर पत्रीवालीच्या जुड्यांत माक्याच्या जागी बंगल्यांच्या हिरवळीवर पसरते ती पिवळ्या फुलांची परदेशी वेल. नात्यातलीच, पण माका नव्हे. मी तिथेच वर्ग भरवला. खऱ्या माक्याचं देठ तळहातावर चोळलं की थोड्या वेळाने काळं पडतं, वेलीचं पडत नाही. मी एका तळव्यावर हे आणि एका तळव्यावर ते चोळून, दोन्ही हात पुढे धरून भर बाजारात उभी राहिले. उजवा तळवा काळा झाला, गर्दीने मान डोलावली, पत्रीवाली म्हणाली, "देवाला चालत व्हतं, तुमालाच न्हाय चाललं." दुसऱ्या दिवशी तिने जुड्या बदलल्या आणि 'गवतबाईंनी तपासलेला माका' अशी हाळी देत चढ्या भावाने विकल्या. माझा उजवा हात मात्र धुऊन धुऊन पांढरा होईना. शेजारच्या काकूंकडे प्रसादाला तो पुढे केला तर काकू दचकून मागे सरल्या.

हे एवढं सविस्तर सांगितलं ते अशासाठी, की माझा स्वतःविषयी काय समज झाला होता ते तुमच्या लक्षात यावं. या पट्ट्यात फुलांची पाठ माझ्याइतकी कुणी बघितलेली नाही, अशी माझी खात्री होती. आणि त्याच खात्रीने मला खैराच्या माळावर नेऊन उभं केलं.

या कुळातही मी जिचा विशेष अभ्यास केला ती भामुर्डी. पावसाळा सरला की शेतात, वाटेवर, माळावर कुठेही उगवते. मांडीएवढी उंच, सरळसोट, पानं चुरगळली की कापरासारखा उग्र वास, आणि शेंड्याला मिचमिच्या पिवळ्या फुलांचे घोस. तिच्या बहिणी पुष्कळ. एक निमुर्डी सोडली तर बाकीच्यांना मराठीत वेगळं नाव देण्याची गरजही कुणाला वाटलेली नाही. लोक सगळ्यांना मिळून 'रान' म्हणतात आणि उपटतात.

खैराचा माळ आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. वर सपाट कातळ, मधे मधे मातीचे पट्टे, आणि समोर थेट समुद्र. निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात तिथे मला एक विचित्र रोप दिसलं. वास भामुर्डीचा, फुलाच्या पाठीवरचे केस भामुर्डीचे, पण बांधा भलताच. बुडापासून फुटलेल्या आडव्या फांद्या, भाकरी थापावी तसं जमिनीला चिकटलेलं, पानं नखाएवढी, आणि फुलं शेंड्याला नाहीत, तर बुडाशीच गर्दी करून बसलेली. एक नव्हे, सगळा माळ अशाच रोपांनी भरलेला. मी सगळी पुस्तकं धुंडाळली. कुठेच असं रोप नाही. पुढच्या हिवाळ्यात परत गेले, तर माळावर तीच तशीच. आता शंकेला जागाच उरली नाही. जगाला ठाऊक नसलेली भामुर्डी मला सापडली होती.

आमच्या व्यवसायात नव्या जातीला स्वतःचं नाव देणं असभ्य समजतात, दुसऱ्या कुणाचं तरी द्यायचं असतं. मी आईचं द्यायचं ठरवलं. आई दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची. भामुर्डी उपटण्यातच तिची हयात गेली, तेव्हा हा सन्मान तिला कितपत रुचला असता कोण जाणे. पण मी मनात तिचं नाव लॅटिन शेपूट लावून हजारदा म्हणून बघितलं होतं. पुण्याच्या एका जाणकारांना मी रोपं वाळवून पाठवली. त्यांचं उत्तर आलं, 'घाई करू नये, आणखी ठिकाणची रोपं पाहावीत.' मी ते वाचून म्हणाले, जळतात.

त्या माळावर मला नेहमी भेटायची ती चांगुणा. माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिच्याकडे शेळ्यांचा कळप होता आणि घर चालायचं ते त्याच्यावरच. माळ म्हणजे गावाचं गुरचरण, गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. पण गावात गुरं उरली होती कुठे? पोरं मुंबईला, नाहीतर कारखान्यांत. माळावर जात होती ती एकट्या चांगुणाची शेरडं. नेमकं तेच एका कंपनीने हेरलं. त्यांना तिथे समुद्र दिसणारे बंगले बांधायचे होते. त्यांनी अर्ज केला की या जागेवर आता कुणीही गुरं चारत नाही, जमीन पडीक आहे, तेव्हा ती आम्हाला मिळावी. तालुक्याहून अधिकारी येऊन जागा बघणार आणि मग ठरणार, असं कळलं. माळ गेला तर चांगुणाची शेरडं जाणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गावचा सरपंच अनंत माझा जुना विद्यार्थी. वनस्पतिशास्त्रात तो दोनदा नापास झाला होता, त्यामुळे त्याचा माझ्यावर फार विश्वास. तो काळजीत होता. "बाई, एका बाईच्या शेरडांसाठी सायेब माळ राखतील, असं वाटत न्हाय," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, त्या माळावर जगात कुठे नसलेली वनस्पती आहे. त्याचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा हुरळले. म्हटलं, ही गोष्ट पुढे आली की बंगले सोडच, तिथे कुणी वीटसुद्धा ठेवणार नाही.

मग सगळं फार झपाट्याने झालं. एका स्थानिक वर्तमानपत्रात माझा हातात भिंग धरलेला फोटो आला. शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. आणि गावाने ठरवलं की नव्या भामुर्डीचं रक्षण करायचं. दिवाळी होताच माळावर जाणारी वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली, आणि मधल्या सगळ्यात दाट पट्ट्याला वेगळं कुंपण घातलं. शेळ्या माळावर सोडायच्या नाहीत, असा ठराव झाला. तो माझ्याच सल्ल्यावरून झाला.

चांगुणा त्या दिवशी माझ्याकडे आली. "बाई, शेरडं बांधून ठेवली तर खातील काय?"

"थोडे दिवस खालून पाला आणून घाल. माळ वाचला की सगळं तुझंच आहे."

"माज्या शेरडांसाटी माळ वाचवायचा, आनि शेरडांनाच वर न्यायचं न्हाय?"

या प्रश्नात केवढं शहाणपण होतं, हे तिलाही कळलं नाही आणि मलाही. तिने साधी कुरकुर केली आणि मी तिला नव्या जातीचं महत्त्व समजावून सांगितलं. इतकं छान समजावलं की ती पटून घरी गेली. तो सगळा हिवाळा ती रोज खालच्या ओढ्याकाठून पाल्याचे भारे डोक्यावर आणत राहिली, आणि संध्याकाळी कुंपण नीट आहे ना ते बघायला माळावर एकटीच जाऊन येत राहिली.

मी मात्र तो हिवाळा घरी काढला. इतकी वर्षं गुडघ्यांवर पोट भरलं, ते गुडघे आता सुजले होते. डॉक्टरांनी चढ बंद केला होता. मी आरामखुर्चीत बसून नव्या जातीचं वर्णन लिहीत होते.

अधिकारी आले ते शिमग्याच्या सुमाराला. साधारण पन्नाशीचे, शांत, घाम पुसत चढणारे गृहस्थ. बरोबर कंपनीचा एक तरुण, पांढऱ्या बुटांतला. अनंत, चांगुणा, गावातली काही मंडळी, आणि काठी टेकत टेकत मी. वर पोचेपर्यंत सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. चांगुणाने पुढे होऊन कुंपणाच्या काट्या स्वतःच्या हाताने बाजूला केल्या. घरातली नवी नवरी दाखवावी तसा तिचा चेहरा झाला होता.

आत भामुर्डी होती. मांडीएवढी उंच, शेंड्याला पिवळे घोस. माझ्या अंगणामागे उगवते तीच, शेतात आई उपटायची तीच. माळभर नजर टाकली. सगळीकडे तीच.

पहिल्यांदा मला वाटलं, कंपनीने माझी रोपं उपटून नेली आणि ही लावली. माणूस हरायला लागला की कसा विचार करतो बघा. मी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले, पान चुरगळलं, फूल उलटं केलं, भिंगातून बघितलं. शंकेला जागा नव्हती.

"हीच का ती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अनंत माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, हो म्हणा. हितं कुनाला कळतंय?"

त्याचं खरं होतं. तिथे फुलाची पाठ वाचणारी मी एकटीच होते. मी काही हरिश्चंद्राची बहीण नव्हे. वयाबद्दल, गुडघ्यांबद्दल, कुणाच्या घरच्या बेचव आमटीबद्दल मी आयुष्यभर सराईतपणे खोटं बोलत आले आहे. पण रोपाचं चुकीचं नाव तोंडातून निघेना. जीभच वळेना. "नाही," मी म्हणाले. "ही साधी भामुर्डी आहे."

कंपनीचा तरुण हसला नाही, हे कबूल करायला हवं. तो एवढंच म्हणाला, "सर, नवीन प्लांट नाही. आणि ग्राउंड रिअॅलिटी बघा ना, एक शेळी तरी दिसते का? लेंडीसुद्धा नाही."

नव्हतीच. हिवाळाभर चांगुणाने एक शेळी वर येऊ दिली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. माळ जाणार होता, तिचा कळप जाणार होता, आणि दोन्ही घालवायचं काम मी सत्कार घेऊन केलं होतं.

लाजेने वर बघवेना, म्हणून मी खालीच बघत बसले. आणि कामाच्या सवयीने हात आपोआप रोपाच्या बुडाशी गेला. जमिनीपासून बोटभर उंचीवर खोडाला गाठ होती. गाठीला तुटक्या, सुकलेल्या टोकांचा झुबका होता, आणि त्याच्या खालून फुटलेल्या फांद्या सरळ वर गेल्या होत्या. शेजारचं रोप उपटलं. तीच गाठ, त्याच उंचीवर. कुंपणाबाहेरचं उपटलं. तीच गाठ.

मुलांना मी वर्षानुवर्षं घोकायला लावलं होतं की शेंडा तुटलेल्या झाडावरून त्याची ओळख सांगायची नाही. शेंडा खुडला की झाड खालून फुटतं, परत खुडलं की आणखी खालून, पानं बारीक होतात, रोप जमिनीला धरून पसरतं. माळावर मला सापडलेली नवी जात म्हणजे शेळ्यांनी रोज खुडलेली जुनीच भामुर्डी होती. शेळ्या बांधल्या आणि जात बुडाली. मी तिचं रक्षण केलं होतं म्हणून ती बुडाली.

मला हसू फुटलं. अनंत घाबरला, त्याला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलं. मी म्हटलं, "साहेब, इथे बसा जरा."

ते पॅन्टची इस्त्री सांभाळत खाली बसले. मी त्यांना गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं, माझ्या नव्या जातीसकट. सत्काराचंही सांगितलं, कारण ते अनंतने सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. म्हटलं, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठलंही रोप उपटा, बोटभर उंचीवर खुडलेलं सापडेल. पावसाळ्यानंतर इथे रोज शेळ्या चरत होत्या. वाट बंद केली त्या दिवशी थांबल्या. त्यानंतरची वाढ ही वरची सरळ फांदी.

त्यांनी स्वतः उठून, लांब जाऊन, वेगवेगळ्या ठिकाणची रोपं उपटून आणली. मग माळाला लागून असलेल्या एका बंद बंगल्याच्या तारेतून हात घालून आतली एक भामुर्डी काढली. ती बुडापासून शेंड्यापर्यंत सरळसोट, एका खोडाची. दोन्ही शेजारी शेजारी कातळावर ठेवून ते बराच वेळ बघत राहिले.

"पण सर, हे कोणी विळ्यानेही कापलं असेल," कंपनीचा तरुण म्हणाला. प्रश्न चांगला होता, माझ्या वर्गात असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

"विळ्याचा काप स्वच्छ असतो," मी म्हटलं. "ही टोकं फाटलेली आहेत. शेळीला वरचे पुढचे दात नसतात. ती चावून तोडत नाही, हिसका देऊन ओरबाडते."

"वरचे दात नसतात?" अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

चांगुणा एव्हाना निम्मी उतरण उतरली होती. ती परत आली ती एका तांबूस म्हाताऱ्या शेळीचा दोर ओढत. सगळ्यांच्या मधोमध तिला उभी करून तिने तिचा जबडा सराईतपणे उघडला. "बगा सायेब. हितं काय न्हाय, नुस्ती हिरडी."

अधिकाऱ्यांनी माझं भिंग मागितलं. भिंगाची काही गरज नव्हती, पण मी दिलं. गुडघे टेकून, एक डोळा मिटून एक सरकारी अधिकारी शेळीच्या तोंडात बघत होता, आणि शेळी त्याच्या कॉलरचा वास घेत होती. माझ्या आसनात दुसऱ्या कुणाला बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. आपण लोकांना इतकी वर्षं कसे दिसत होतो, ते मला तेव्हा कळलं.

पंचनामा तिथेच कातळावर बसून लिहिला गेला. शेवटी त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'सदर जागेवर कोणतीही नवीन अथवा दुर्मिळ वनस्पती आढळून आली नाही. सदर जागेवर शेळ्यांची नियमित चराई होत असल्याचे वनस्पतींच्या अवस्थेवरून स्पष्ट होते.' वनस्पतींच्या जाणकार म्हणून खाली मी सही केली. कंपनीच्या तरुणाने पांढऱ्या बुटांवरची धूळ झटकली. पुढे कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. कायमचा की तात्पुरता, ते सांगता येत नाही, पण माळ आज गुरचरण आहे.

त्या दिवशी सगळे खाली उतरायला लागले तेव्हा मी मागे राहिले, कारण गुडघे उठू देत नव्हते. चांगुणाने शेळीच्या गळ्यातला दोर सोडला. शेळी जराशी घुटमळली. एवढे दिवस बांधलेली, तिला खरं वाटत नसावं. मग ती काट्यांमधल्या मोकळ्या जागेतून आत गेली आणि सगळ्यात उंच भामुर्डीचा शेंडा तिने हिसका देऊन तोडला.

माझे डोळे भरून आले. चांगुणाने ते बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

"वाईट वाटतंय व्हय, बाई?"

"वाटतंय," मी म्हटलं. खरंच वाटत होतं. माळ राहिला याचा आनंद होता, अगदी मनापासून होता, पण म्हणून दुसरं काही वाटायचं थांबलं नव्हतं.

खाली गोठ्यातून बाकीच्या शेरडांचं ओरडणं ऐकू येत होतं. कंबरेला पदर खोचत ती उठली.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "समद्यांना वर आनते. पुढच्या थंडीपर्यंत तुमची नवी जात परत करून देतील."